अपील जवानानेच का करायचं?

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. भाडेकरार, अ‍ॅफिडेविट, वारसाचे कागद हे रोजचंच, पण गेल्या सहा-सात वर्षांत एक वेगळा कागद सारखा यायला लागलाय, तो म्हणजे माजी सैनिकांच्या डिसेबिलिटी पेन्शनचं अपील. माणूस दुकानात शिरला की लगेच ओळखू येतो, पायात पॉलिश केलेले बूट, बारीक केस, हातात प्लास्टिकची फाईल आणि त्यात सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले, एक चिठ्ठीसुद्धा हरवलेली नाही. आणि एवढी व्यवस्थित फाईल असूनही मी विचारलं की तुमचा क्लेम नाकारला कशामुळे, तर दहातल्या आठ जणांना ते सांगता येत नाही. त्यांची चूक नाहीये, कारण कागदावर ते लिहिलेलंच नसतं. एक कोड असतो, एनएएनए. म्हणजे तुमचा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. बस, एवढंच.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फौजेतून बाहेर पडताना प्रत्येकाची मेडिकल होते आणि कॅटेगरी खाली आलेली असेल, म्हणजे माणूस शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त) नसेल, तर रिलीज मेडिकल बोर्ड बसतं. मुदतीआधीच आजारपणामुळे घरी पाठवणार असतील तर त्याला इन्व्हॅलिडिंग बोर्ड म्हणतात, आपले लोक नुसतं बोर्ड-आऊट म्हणतात. बोर्डाने दोन गोष्टी ठरवायच्या असतात, अपंगत्व किती टक्के आणि ते सैनिकी सेवेमुळे आलं किंवा वाढलं का. टक्केवारी २० किंवा जास्त आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, असं दोन्ही असेल तरच पैसे. यात दुसरा प्रश्नच सगळ्यांना आडवा येतो. गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, त्याबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो बीपीवर, शुगरवर, हार्टवर, फिट येण्यावर, डोक्याच्या आजारावर, जे डोळ्यांना दिसत नाही त्या सगळ्यावर.

आता गंमत वाटेल, पण कायदा कागदावर जवानाच्या बाजूचा आहे. १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये स्पष्ट होतं की माणूस भरती होताना धडधाकट होता असं धरून चालायचं, भरतीच्या वेळी काही आजार नोंदवलेला नसेल आणि नंतर त्यामुळे त्याला बाहेर काढलं तर तो आजार सेवेमुळे आला असं मानायचं, आणि सिद्ध करायची जबाबदारी क्लेम करणाऱ्यावर नाही, शंका राहिली तर तिचा फायदा त्याला. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये हेच सांगितलं. तो सिग्नल्सचा शिपाई, १९८५ ला भरती झालेला, १९९४ ला फिटच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व लावून घरी पाठवलेला, आणि बोर्डाने लिहिलं होतं की आजार प्रकृतीतलाच आहे, सेवेशी संबंध नाही. कोर्ट म्हणालं की बोर्डाने कारण दिलेलं नाही, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, मग पेन्शन द्या. घरी पाठवलं १९९४ ला आणि निकाल आला २०१३ ला. मधली एकोणीस वर्षं त्या घराने कशी काढली असतील याचा मी बरेचदा विचार करतो.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. पुरावा द्यायची जबाबदारी जवानावर नाही असं नियम म्हणतो, मग अपील करायची जबाबदारी त्याच्यावर का? सरकारने कारण न लिहिता नाही म्हणायचं आणि ते नाही चुकीचं आहे हे शोधून, मुदतीत, इंग्रजीत, योग्य त्या साहेबाला लिहून कळवायचं ते बारावी शिकलेल्या, पुऱ्या जन्मात कधी वकिलाच्या पायरीवर न गेलेल्या माणसाने. माझं म्हणणं एवढंच आहे की एनएएनए लिहून क्लेम नाकारला की ती फाईल आपोआप वर गेली पाहिजे, दुसऱ्या डॉक्टरांकडे, जवानाने अर्ज केला असो वा नसो.

हे का, ते समजायला अपीलचा रस्ता बघा. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, ते फर्स्ट अपील कमिटीकडे. तिथे नाही म्हटलं की परत मुदतीत दुसरं अपील, वेगळी कमिटी. तिथेही नाही म्हटलं की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, जे २००७ च्या कायद्याने आलं आणि २००९ पासून चालू आहे, आपल्याला मुंबईचं बेंच जवळ आहे एवढं नशीब. तिथेही सहा महिन्यांची मुदत, उशीर झाला तर उशीर माफ करायचा वेगळा अर्ज, त्या अर्जाची वेगळी तारीख. बेंच बसायला एक न्यायाधीश आणि एक फौजेतले सदस्य असे दोघे लागतात, एक जागा रिकामी असली की काम पुढे ढकललं जातं. जिंकलं तरी अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करणारे मी पाहिलेत. या सगळ्या पायऱ्या कागदावर छान दिसतात, प्रत्येक ठिकाणी दाद मागायची सोय आहे असं वाटतं, पण ज्याला ही पायरी चढायचीय तो माणूस कोण आहे ते बघा ना. तो घोडबंदर रोडवरच्या टॉवरला बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी करतोय, किंवा महापे एमआयडीसीत गेटवर, किंवा एटीएमच्या बाहेर. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. त्याला मुंबईला तारखेला जायचं तर बदली माणूस स्वतः शोधून द्यावा लागतो.

माझे दाजी त्यातलेच. साताऱ्याकडचे, चोवीस वर्षं सर्व्हिस करून हवालदार म्हणून २०१९ ला बाहेर पडले, आता ऐरोलीत राहतात. बीपीचा आजार, ३० टक्के, कायमचा, असं बोर्डाने लिहिलं आणि खाली एनएएनए. कारणाच्या रकान्यात जे लिहिलं होतं ते मला आता पाठ झालंय कारण दुसऱ्या लोकांच्या फायलींमध्येही तेच शब्द सापडतात, आजाराची सुरुवात पीस स्टेशनला (म्हणजे शांत भागातल्या छावणीत) झाली, फिल्ड किंवा हाय अल्टिट्यूडच्या सर्व्हिसशी जवळचा संबंध नाही. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी युनिटं, वेगवेगळी शरीरं, आणि वाक्य एकच. ताईने म्हणजे माझ्या बहिणीने त्यांच्या सगळ्या पोस्टिंगची यादी वहीत काढली होती, तीन वर्षं काश्मीरमधलं कुपवाडा, नंतर उंचावरचं द्रास, नंतर एक पीस पोस्टिंग, आणि त्या पीस पोस्टिंगच्या आठव्या महिन्यात बीपी सापडलं.

आता आजार सापडला कुठे आणि झाला कुठे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. वर पोस्टवर असताना कोण रोज बीपी मोजतंय? डोकं दुखलं तर गोळी खाऊन माणूस ड्युटीला जातो. शिवाय सिक रिपोर्ट केलं आणि कॅटेगरी झाली की प्रमोशन अडकतं, हे प्रत्येक फौजीला माहीत असतं, म्हणून जेवढं अंगावर काढता येईल तेवढं तो काढतो. मग तो खाली येतो, तिथे मिलिटरी हॉस्पिटल जवळ असतं, वर्षाची मेडिकल नीट होते, आणि मशीन १६० दाखवतं. त्या दिवशी तो पीसला असतो. म्हणजे ज्या ठिकाणी तपासणीची सोय होती नेमकं तेच ठिकाण त्याच्या विरोधात लिहिलं जातं. दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये शुगरच्या आणि अशाच काही केसेसमध्ये सरकारचं म्हणणं फेटाळताना हेच सांगितलं, की पीस स्टेशनला आजार सुरू झाला एवढ्यावरून सेवेशी संबंध नाही असं म्हणता येत नाही, बोर्डाने ठोस कारण द्यायला पाहिजे. पण कोर्टाने दिल्लीत सांगितलेलं ऐरोलीतल्या माणसाला कळणार कसं, आणि कळलं तरी ते वापरायला त्याने आधी अपील केलेलं पाहिजे.

दाजींनी पहिलं अपील केलं, मीच टाईप केलं. उत्तर यायला वर्षाच्या वर गेलं. उत्तरात पुन्हा तेच वाक्य, एक शब्द बदललेला नाही. मी त्या दिवशी दुकानात बसून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही जी तीन पानं लिहिली ती कुणी वाचलीच नाहीत. पोस्टिंगची यादी जोडली होती, तारखा होत्या, त्याबद्दल हो नाही काहीच नाही. ताई म्हणाली, सोड आता, नोकरीची पेन्शन तर येतीय ना. आणि दाजी तर आधीपासूनच नको म्हणत होते, त्यांना हे मागणं कमीपणाचं वाटतं, फौजेविरुद्ध तक्रार केल्यासारखं. हा मुद्दा मोठा आहे आणि तो कुठल्याच नियमात मोजला जात नाही. ज्या माणसाला चोवीस वर्षं हुकूम मानायला शिकवलं त्याच्याकडून बाहेर पडल्याच्या सहा महिन्यांत आपण अपेक्षा करतो की त्याने वरच्या ऑफिसच्या निर्णयाला आव्हान द्यावं. बरेच जण देत नाहीत. गेल्या वर्षी नाईक हुद्द्याचा एक जवान येऊन गेला, कळव्याला राहणारा, गुडघा गेलेला, जिना चढताना रेलिंगला धरून चढला. अर्धं अपील टाईप झालं, मेडिकल बोर्डाची पूर्ण कॉपी त्याच्याकडे नव्हती, मी म्हटलं आरटीआय टाकून मागवा मग पुढचं करू. तो गेला तो आलाच नाही. दोनदा फोन केला, म्हणाला बघतो साहेब, ड्युटी बदललीय. त्याची मुदत केव्हाच गेली.

आता दुसरी बाजू. लोक म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे, की डिसेबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो. कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये अहवाल दिला त्यात २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी रिटायर होणाऱ्या ऑफिसरांपैकी ३६ ते ४० टक्के डिसेबिलिटी पेन्शन घेऊन बाहेर पडले आणि जवान आणि जेसीओंमध्ये (सुभेदारासारखे मधले हुद्दे) हेच प्रमाण १५ ते १८ टक्के होतं, असा आकडा आला. त्यावर बराच गदारोळ झाला, लाईफस्टाईलचे आजार, आरामात खुर्चीत बसून शुगर झाली आणि पेन्शन मागतात वगैरे. मग २१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन नियम आले, नोकरीत राहून पूर्ण मुदतीने बाहेर पडणाऱ्यांसाठी डिसेबिलिटी एलिमेंटच्या (अपंगत्वासाठी पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम) जागी इम्पेअरमेंट रिलीफ असं नाव आलं, निकष कडक झाले. त्याच्याही आधी २००८ च्या नियमांतच भाषा बदलली होती, आजार नोकरीत असताना दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं धरता येणार नाही असं आलं होतं.

मी तो कॅगचा आकडा वेगळा वाचतो. बर्फात उभा कोण राहतो, ओझं कोण वाहतो, रात्रीची पेट्रोलिंग कोण करतो? जवान. मग आजारपणाची पेन्शन निम्म्याहून कमी प्रमाणात त्यालाच कशी काय मिळते? ऑफिसर खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांनाही आजार होतात, तेही त्याच उंचीवर जाऊन आलेले असतात. पण ऑफिसरला आपली मेडिकल हिस्टरी माहीत असते, इंग्रजी वाचता येतं, बोर्डासमोर बसल्यावर डॉक्टरला प्रश्न विचारता येतो, बाहेर वकील मित्र असतो. जवानाला सही कर म्हटलं की तो सही करतो. तेव्हा निकष कडक करून खोटे क्लेम थांबतील असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं की आत्ताची पद्धत खऱ्या-खोट्याची निवड करतच नाही, जो थकला तो गळला आणि ज्याला परवडलं तो ट्रिब्युनलपर्यंत पोचला, एवढीच निवड होते. माझ्या दुकानात जे येतात ते तरी लढणारे आहेत, जे आलेच नाहीत त्यांचा हिशोब कुठेच नाही.

आणि खोटा क्लेम पकडायचा असेल तर त्यालासुद्धा कारण लिहिणं हाच उपाय आहे. माणसाचं वजन वर्षानुवर्षं जास्त होतं, त्याला लेखी ताकीद दिली होती, त्याने ऐकलं नाही, तो सिगारेट सोडत नव्हता, त्याच्या सगळ्या पोस्टिंग मोठ्या शहरात झाल्या, असं असेल तर तसं लिहा ना. तारखा देऊन लिहा. मग तो कागद ट्रिब्युनलमध्येही टिकेल आणि जवानालाही घरी बसून पटेल की ठीक आहे, माझंच चुकलं. सुप्रीम कोर्टानेच २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका केसमध्ये जवानाच्या विरोधात निकाल दिलाय, म्हणाले की भरतीच्या वेळी आजार दिसला नाही एवढं एकच कारण पुरेसं नाही, असे आजार तेव्हा दिसतच नाहीत. म्हणजे कोर्ट डोळे झाकून देतंय असंही नाही. कारण असेल तर सरकारचंही ऐकलं जातं. मला त्या निकालाबद्दल मनातून वाईट वाटतं, कारण चांगला भरती झालेला पोरगा बंदूक घेऊन एकटा उभा राहून राहून मनाने खचला तर त्यात नोकरीचा वाटा किती हे कोण ठरवणार, पण निदान तिथे चर्चा तरी झाली. माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर चर्चा नसते, शिक्का असतो.

बोर्डावरच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रिलीजच्या आधी रांग असते, फॉर्म ठरलेला असतो, मागच्या फॉर्ममध्ये जे लिहिलं ते पुढच्यात लिहिलं की काम उरकतं. त्यांनाही माहीत असतं की वर कुठेतरी अपील होईल आणि तिथे बघतील. आणि अपीलवाल्यांना वाटतं की बोर्डाने माणूस समोर बसवून तपासलाय, त्यांचं मत आपण कसं बदलायचं. अशा रीतीने प्रश्न कुणीच विचारत नाही.

पैशाचं सांगतो, कारण लोकांना वाटतं लाखोंचा खेळ आहे. डिसेबिलिटी एलिमेंट म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. समजा पेन्शनसाठी धरला जाणारा शेवटचा पगार ४५,००० आहे, तर १०० टक्क्याला १३,५०० झाले. दाजींसारखं ३० टक्के अपंगत्व असेल तर त्याचे ४,०५० आणि ब्रॉड-बँडिंग मिळालं तर ३० चे ५० टक्के धरतात, म्हणजे ६,७५०, वर महागाई. हे ब्रॉड-बँडिंग म्हणजे ५० च्या आतलं सगळं ५०, त्याच्यावरचं ७५ पर्यंत ७५, आणि त्याच्यावर १००. तेही आधी फक्त बोर्ड-आऊट झालेल्यांना होतं, पूर्ण सर्व्हिस करून बाहेर पडलेल्यांना डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राम अवतार निकालात दिलं, आणि तेव्हा सरकारची एक-दोन नाही तर शेकडो अपिलं एका फटक्यात फेटाळली गेली. सहा-सात हजार रुपये. ऐरोलीत वन रूम किचनच्या भाड्याचा अर्धाही भाग होत नाही, पण महिन्याची औषधं आणि पोराच्या क्लासची फी होते. त्या पैशासाठी वकील करायचा म्हटलं तर पहिल्या दोन-तीन वर्षांची रक्कम त्यातच जाणार.

वर थकबाकीचा प्रश्न. २००८ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानंतर असा प्रघात पडला की उशिरा केस केली तर थकबाकी केस दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांपुरतीच द्यायची. नाकारणाऱ्याने चूक केली, जवानाला ती दहा वर्षांनी शेजारच्या फौजीकडून कळली, तर मधली सात वर्षं बुडाली. सर्वसाधारण थकबाकीला हा नियम मी समजू शकतो, पण जिथे सरकारने कारणच लिहिलं नव्हतं तिथे उशीर झाला याचा दंड जवानाला कशाबद्दल? त्याला कळायला काही ठेवलंच नव्हतं.

सरकारची बाजू अशी असते की एवढ्या केसेस आपोआप वर पाठवायच्या तर कमिट्या, डॉक्टर आणायचे कुठून. मी उलट विचारतो की आत्ता जो खर्च होतोय तो कुणी मोजलाय का. ट्रिब्युनलमध्ये जवान जिंकला की सरकार वर जातं. २०१५ पासून काही वर्षं हायकोर्टाचा रस्ता बंद असल्यासारखा होता, मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ट्रिब्युनलच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात जाता येतं, आणि ते जवानांच्या सोयीसाठी चांगलंच झालं, पण त्याच दारातून सरकारच्याही याचिका गेल्या. प्रत्येक याचिकेला सरकारी वकील, फायली, तारखा. मनोहर पर्रिकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने नेमकं हेच सांगितलं होतं की ज्या मुद्द्यावर निकाल लागून गेलाय त्यावर अपंग सैनिकांविरुद्ध अपिलं करत बसू नका, आहेत ती मागे घ्या. पर्रिकरांना या विषयाची मनापासून तळमळ होती असं मला त्या वेळी वाचून वाटलं होतं. ते गेले, समितीचा अहवाल राहिला, आणि अपिलंही चालूच राहिली.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्यापेक्षा खूप मोठ्या आकाराचा आहे, तिथेही वर्षानुवर्षं फायली पडून राहिल्या, लोक खूप बोंबलले, आणि २०१७ मध्ये त्यांनी कायदा बदलून २०१९ च्या फेब्रुवारीपासून तीन रस्ते केले, नवीन पुरावा असेल तर एक, त्याच कागदावर वरिष्ठाने पुन्हा बघायचं असेल तर दुसरा, आणि थेट बोर्डाकडे जायचं असेल तर तिसरा, माणसाने आपला रस्ता निवडायचा, साधारण वर्षाची मुदत. तिथलं सगळं छान आहे असं अजिबात नाही, रांगा तिथेही आहेत. पण दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे क्लेम करणाऱ्याला पुरावा गोळा करायला मदत करणं हे सरकारचं कायद्याने कर्तव्य आहे, त्याचे सर्व्हिसचे आणि हॉस्पिटलचे कागद सरकारच मागवतं. आणि दुसरी म्हणजे २०२२ मध्ये त्यांनी इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांचा धूर घेतलेल्यांसाठी कायदा केला, अमुक ठिकाणी होतास आणि अमुक आजार झाला तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं, सिद्ध करत बसू नकोस. आपल्याकडे द्रासला किंवा सियाचीनला अमुक महिने काढले आणि पुढच्या काही वर्षांत बीपी किंवा हार्टचं निघालं तर तसं धरायला काय हरकत आहे? पोस्टिंगची नोंद तर सरकारच्याच रेकॉर्ड ऑफिसला असते, जवानाने ती कुठून आणायची?

म्हणून मी म्हणतो की उलटं करा. बोर्डाने एनएएनए लिहिलं की रेकॉर्ड ऑफिसने त्याची पूर्ण पोस्टिंगची यादी आणि मेडिकलचे जुने कागद लावून फाईल आपणहून दुसऱ्या बोर्डाकडे पाठवायची, तिथे पहिल्यावेळी न बसलेले डॉक्टर असावेत, आणि त्यांनी हो किंवा नाही जे असेल ते कारणासकट लिहून द्यावं, मराठी माणसाला मराठीत, निदान हिंदीत. बाहेर पडायच्या दिवशी बाकीच्या कागदांबरोबर बोर्डाच्या कागदाची पूर्ण कॉपी त्याच्या हातात असावी, आरटीआय टाकायची वेळच येऊ नये. पेन्शनचं सगळं आता स्पर्श पोर्टलवर गेलंच आहे, तर अपीलची तारीख आणि अपील कुठे पोचलं तेही तिथेच दिसू दे. आणि ज्याला कारण दिलं नव्हतं त्याला मुदत लावू नका. यात नवीन हक्क काहीच नाही, जुन्या नियमात सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याच्याकडे ती परत द्यायची एवढंच.

तोपर्यंत आपल्या पातळीवर होण्यासारखं थोडंफार आहे. २६ जुलै २०२५ ला नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) वीर परिवार सहायता योजना सुरू केली, त्यात सैनिक बोर्डांच्या ऑफिसात कायदेशीर मदतीची केंद्रं काढायची असं ठरलंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बहुतेक जिल्ह्यांत असतं, ठाण्यालाही आहे, तेव्हा ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांनी तिथे जाऊन हे केंद्र कुठल्या दिवशी बसतं ते विचारावं, विचारणारे वाढले की दिवसही वाढतात. माझ्या ओळखीचे दोन वकील आता बोर्डाचा कागद वाचून द्यायचे पैसे घेत नाहीत. तेवढ्यानेही फरक पडतो, कारण अर्ध्या लोकांना फक्त एवढंच कळायला हवं असतं की आपली केस आहे का नाही.

दाजींचं दुसरं अपीलही नाकारलं गेलं, आता ट्रिब्युनलला अर्ज गेलाय. ताईच्या वहीतली पोस्टिंगची यादी या वेळी पहिल्या पानाला लावलीय.

मला जास्त काळजी वाटते ती आता येणाऱ्यांची. अग्निवीरांची पहिली बॅच २०२२ च्या शेवटी ट्रेनिंगला गेली, चार वर्षं धरली तर ती मुलं बाहेर पडायची वेळ २०२६ संपता संपता येते, चारातला एक आत राहील आणि बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही. अपंगत्व आलं तर एकरकमी पैसे, १०० टक्क्याला ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, पण तेही सेवेमुळे किंवा ट्रेनिंगमुळे आलं असं ठरलं तरच, आणि ते ठरवणार पुन्हा मेडिकल बोर्डच. दाजींना क्लेम नाकारला तरी महिन्याची पेन्शन चालू होती म्हणून ते सहा वर्षं वाट बघू शकले. पंचविशीतल्या पोराच्या कागदावर त्या रकान्यात एनएएनए पडलं तर त्याच्या हातात महिन्याला एक रुपया येणार नाही, आणि त्याला सांगणार की सहा महिन्यांत अपील कर. आमच्या भागात पहाटे पाच वाजता रस्त्यावर पळणारी पोरं मी रोज दुकान उघडायला जाताना बघतो, भरतीची तयारी करणारी. बोर्डाने कारण लिहायची सक्ती आणि फाईल आपोआप वर जायची सोय या दोन गोष्टी पहिली बॅच बाहेर पडायच्या आधी व्हायला पाहिजेत, त्याला नवीन कायदाही लागत नाही, मंत्रालयाचं एक पत्र पुरतं.